बारा नंबरची जागा

बोलणे ज्याला जमत नाही, त्याच्याच वाट्याला कधी कधी निरोप पोचवण्याचे काम येते. घुम्याचे तसेच झाले होते. ऑफिसात त्याला याच नावाने हाक मारीत. चार माणसांत तोंड उघडायची वेळ आली की त्याच्या घशात आवंढा अडके आणि तो मान हलवून वेळ मारून नेई. मात्र लांब पल्ल्याच्या बसगाड्या चालवणाऱ्या त्या कंपनीचा सर्व्हर दिवसभर जे काही बोले, ते सारे घुम्याने लिहून दिलेले असे.

सर्व्हरचे बोलणे साधे होते. कुणी घरबसल्या तिकीट काढायला बसले की त्याच्या प्रत्येक हालचालीची एक चिठ्ठी तयार होई. अमुक क्रमांकाच्या ग्राहकाने जागा निवडली. तमुकाने तिकीट न काढताच जागा सोडली. हा गाडीत चढला, तो उतरला. या चिठ्ठ्यांना ऑफिसात इव्हेंट म्हणत. शंभर-दोनशे इव्हेंटचा गठ्ठा बांधून सर्व्हर तो एचटीटीपीने, म्हणजे इंटरनेटच्या टपालाने, दूरच्या एका संगणक-प्लॅटफॉर्मकडे रवाना करी. प्लॅटफॉर्मने चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या नावावर लावून ठेवायच्या, त्यांवरून माणूस ओळखायचा, आणि कुणाला कोणता संदेश धाडायचा ते ठरवायचे. गठ्ठा पोचला की पलीकडून फक्त एक आकडा येई: दोनशे. दोनशे म्हणजे मिळाले.

घुम्याच्या वडिलांची सारी नोकरी टपाल कचेरीत, नोंदणी करून पाठवायच्या पत्रांच्या खिडकीमागे गेली होती. "पोच म्हणजे पत्र हातात पडलं, एवढंच," असे ते म्हणत. "उघडलं का, वाचलं का, वाचून कुणाच्या पोटात कालवलं का, ते पोच सांगत नाही." कामावर लागल्यावर घुम्याने पडद्यावर पहिल्यांदा दोनशेचा आकडा पाहिला तेव्हा त्याला हे वाक्य आठवले. बाबांना ही गंमत सांगायची, असे त्याने मनाशी ठरवलेही. सांगायचे राहून गेले. बाबांना जाऊन आता दोन वर्षे झाली होती.

त्या शुक्रवारी जेवणाची सुट्टी संपता संपता विभागप्रमुख मॅडमनी त्याला काचेच्या केबिनजवळ बोलावले. त्यांच्या पडद्यावर वर्षानुवर्षांच्या प्रवाशांचा आलेख होता. डोंगरांच्या रांगेसारखा चढता-उतरता, आणि मध्येच एके ठिकाणी जमिनीला टेकलेला.

"हे बघ. दोन वर्षांपूर्वीचे एकोणीस दिवस. एकाही माणसानं प्रवास केलेला नाही म्हणे. त्या दिवसांत गाड्यांत काय आपण हवा भरून पाठवत होतो?"

"मॅडम, काही गाड्यांच्या टायरात तीही नव्हती," मागून आवाज आला. हा पोपट. घुम्याच्या शेजारच्या टेबलावर बसे. जिभेला हाड नाही म्हणून पोपट.

"तू तुझं काम कर रे. ऐक घुम्या, तेव्हा कुणीतरी इव्हेंटमध्ये भलामोठा मजकूर जोडला होता. गठ्ठे फुगले, आणि प्लॅटफॉर्मनं 'फार मोठे आहेत' म्हणून दारातूनच परत धाडले. परत आलेलं सगळं सर्व्हरनं एका फाइलमध्ये जपून ठेवलंय. गेल्या आठवड्यात जुनी अडगळ काढताना ती फाइल सापडली. ती पाठव आणि हा खड्डा बुजव."

घुम्याने मान हलवली.

"आणि प्रत्येकावर मूळ वेळ घाल हं. जुन्या वेळेचा इव्हेंट असला की प्लॅटफॉर्म तो निमूट नोंदवून घेतो, संदेश पाठवत नाही. वेळ चुकली तर त्याला वाटेल, हे सगळं आत्ताच घडतंय. दोन वर्षांपूर्वी ज्यानं जागा सोडली त्याला आज विचारायचं, 'येताय ना?' लोक वेड्यात काढतील आपल्याला."

घुम्याने पुन्हा मान हलवली आणि जागेवर येऊन फाइल उघडली.

फाइल लांबलचक होती. आकडे, वेळा, गाड्यांची नावे. एकोणीस दिवस लोक जात-येत होते, आणि त्यांचे ते जाणे-येणे इथे अंधारात पडून राहिले होते. तो भरभर खाली सरकत होता. एका ओळीशी त्याचे बोट थांबले.

४१७०६.

स्वतःच्या जन्मतारखेइतका हा आकडा त्याला पाठ होता. नोकरीवर निघण्यापूर्वी त्याने बाबांच्या फोनवरून त्यांचे खाते उघडून दिले होते, आणि पहिल्या महिन्यात शिकताना काही तपासून पाहायचे असले की तो हाच क्रमांक घाली.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. ग्राहक ४१७०६. जागा निवडली: बारा. दोन वाजून एकोणीस मिनिटे. ग्राहक ४१७०६. जागा सोडली.

गाडी दुसऱ्या दिवशीची, सकाळी सातची. बाबांच्या गावाहून घुम्याच्या शहराकडे येणारी.

त्याने तो क्रमांक शोधायला लावला. चौदा ओळी निघाल्या. सलग सात दिवस. रोज दुपारी दोनच्या पुढे, जेवण आटोपल्यावर, बाबांनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीतली बारा नंबरची जागा धरली होती आणि थोड्या वेळाने सोडून दिली होती. कधी नऊ मिनिटांनी, कधी बारा. सातव्या दिवशी मात्र जागा धरली दोन वाजून नऊ मिनिटांनी, आणि सोडली ती दोन अठ्ठावन्नला. त्यानंतरच्या दिवसांत शेकडो माणसे येत-जात होती. ४१७०६ कुठेच नव्हता. असणार नव्हताच. आठव्या दिवशी सकाळी दाढी करता करता बाबा खाली बसले, ते उठले नाहीत.

त्या सात दिवसांच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता. "दोन दिवस येऊन जाऊ का रे तुझ्याकडे?" त्यांनी विचारले होते, आणि घुम्या म्हणाला होता, "आत्ता नको बाबा. खोली फार लहान आहे. कामही खूप आहे." खोलीचे निमित्त होते. त्या दिवसांत त्याला नोकरीवर ठेवायचे की नाही याचा निकाल व्हायचा होता. रोज संध्याकाळी खोलीवर येऊन तो दिवा न लावता बसे, आणि आपला असा चेहरा बाबांनी पाहू नये, एवढेच त्याला हवे होते. पलीकडे बाबा म्हणाले होते, "बरं बरं. सावकाशीनं." आवाजात राग नव्हता. म्हणूनच घुम्याने दोन वर्षे स्वतःची समजूत घातली होती की, बाबांनी ते फारसे मनाला लावून घेतले नसेल. विचारले, नको म्हटले, विसरून गेले.

चौदा ओळी सांगत होत्या की ते विसरले नव्हते.

मागे पोपट कुणाला तरी फोनवर हसवत होता. घुम्याने चौदा ओळी फाइलमधून अलगद उचलून बाजूला ठेवल्या. त्या हजारोंच्या गर्दीत ढकलून द्याव्यात असे त्याला वाटेना. बाकीच्या फाइलसाठी त्याने नेहमीप्रमाणे सावधपणे प्रोग्राम लिहिला, आधी दहा इव्हेंट पाठवून पाहिले, वेळा जुळतात याची खात्री केली, आणि मग सारे सोडून दिले. दोनशे, दोनशे, दोनशे. आलेखातला खड्डा डोळ्यांदेखत भरत आला.

मग बाबांचे चौदा. हे त्याने प्रोग्रामला दिले नाहीत. एकेक रिक्वेस्ट, म्हणजे धाडायची एकेक चिठ्ठी, स्वतःच्या हाताने टाइप केली. क्रमांक, जागा, गाडी, वेळ. एक पाठवायची, दोनशे येईपर्यंत थांबायचे, मग दुसरी. जणू थकलेल्या माणसाला हात धरून एकेक पायरी चढवावी. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी चौदावी गेली आणि घुम्या खुर्चीत मागे टेकला. त्याला वाटले, दोन वर्षे दाराबाहेर उभे असलेले बाबा आता आत येऊन बसले आहेत.

पावणेचारला चहा आला. पोपट कप घेऊन भिंतीवरच्या मोठ्या पडद्यासमोर उभा राहिला. आत्ता या घटकेला कोण काय करते आहे, ते त्यावर सरकत असे.

"अरे, हा कोण खुळा बघा!" तो ओरडला. "काही मिनिटांत सात वेळा एकच जागा धरली आणि सात वेळा सोडली. बारा नंबर, सोडला. बारा नंबर, सोडला. ह्याला गाडीनं जायचंय की जागेशी लग्न करायचंय?"

दोघे-तिघे हसले. घुम्याने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

तो पडद्याकडे न पाहता आपल्या जागेवर गेला आणि पाठवलेल्या चौदा रिक्वेस्ट त्याने उघडून पाहिल्या. चूक एका दृष्टिक्षेपात दिसली. इव्हेंट म्हणजे एक पाकीट, आणि पाकिटाच्या आत मजकूर. घटना कधी घडली ती वेळ पाकिटावर घालायची असते. ती आत लिहिली, तर प्लॅटफॉर्म ती जपून ठेवतो, पण मानीत नाही. पाकिटावर वेळ दिसली नाही की तो पत्र हाती पडल्याची वेळ स्वतःच घालतो. नव्या आलेल्यांना घुम्याच हे समजावून देई. आणि आज चौदा वेळा त्याने बाबांची वेळ पाकिटाच्या आत ठेवली होती. टपालवाल्याच्या मुलाने पाकिटावर तारीख घालायचे विसरावे!

प्लॅटफॉर्मच्या लेखी बाबा आज, या क्षणी, सात वेळा निघून सात वेळा थबकले होते. जागा शेवटची सोडल्यावर तासाभराने संदेश जाई. तसा नियम होता. म्हणजे चार पंचवीस. तो संदेश बाबांच्या फोनवर जाणार होता, आणि बाबांचा फोन आईने दोन वर्षे चार्ज करून ठेवलेला होता. कपाटावर त्यांच्या चष्म्याशेजारी तो असे. रोज झोपण्यापूर्वी ती त्याला वायर जोडी. का, असे घुम्याने कधी विचारले नव्हते.

आईला काहीच ठाऊक नाही, असे तो धरून चालला होता. बाबांनी येऊ का म्हणून विचारले, आपण नको म्हटले. यातले काहीही तिला कळता कामा नये. दोन वर्षे त्याने दर रविवारी तिच्याशी हवापाण्याचे बोलून तेवढे एक झाकून ठेवले होते.

प्लॅटफॉर्मला दिलेली चिठ्ठी परत मागता येत नाही. संदेश अडवायचे दोनच मार्ग होते. पहिला, ४१७०६ची सारी ओळखच पुसून टाकायची. त्यासाठी एक रिक्वेस्ट पुरे. घुम्याने ती लिहिली, बोट कळीवर ठेवले, आणि पुसण्यापूर्वी एकदा पाहावे म्हणून बाबांचे पान उघडले. वर लिहिले होते, "आतुर ग्राहक". त्याखाली फिकट अक्षरांत जुनी नोंद: "निद्रिस्त ग्राहक, दोन वर्षे." प्लॅटफॉर्मला माणूस निजल्याचे कळत होते, मेल्याचे कळवणारा इव्हेंट कुणी कधी लिहिलाच नव्हता. आणखी खाली एकच पुरा झालेला प्रवास होता. घुम्याला नोकरीवर रुजू करायला बाबा सोबत आले होते तो. जाताना दोन जागा. परतताना एक.

बोट कळीवरून निघाले.

दुसरा मार्ग सोपा होता. मॅडमना सांगायचे: माझी चूक झाली, तासभर तो संदेश सगळ्यांसाठीच थांबवा. त्या नाही म्हणाल्या नसत्या. चार वाजून दहा मिनिटांनी घुम्या केबिनपाशी जाऊन उभा राहिला. मॅडमनी मान वर केली.

"काय रे?"

त्याच्या ओठांवर शब्द आले होते. ते माझे बाबा आहेत. एवढे चारच शब्द. मागे पोपट उभा होता, चौघे अजून त्या बारा नंबरवर हसत होते, आणि घुम्याने नेहमीसारखी नुसती मान हलवली.

"काही नाही, मॅडम. खड्डा बुजला."

"शाब्बास," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या.

चार पंचवीस कधी झाले ते त्याने पाहिले नाही. चार एकतीसला त्याचा फोन वाजला. तो जिन्यात जाऊन उभा राहिला.

"अरे, कामात आहेस का?" आईने विचारले.

"नाही. बोल."

"ह्यांच्या फोनवर काहीतरी आलंय. नेहमीच्या जाहिराती येतात त्या मी बघत नाही. पण ही नावानिशी आहे. थांब, चष्मा लावते." मग ती शाळेतल्या मुलीसारखी एकेक शब्द सुटा करून वाचू लागली. "'आपण निवडलेली जागा अजून रिकामी आहे. क्रमांक बारा, खिडकीकडची. आम्ही आपली वाट पाहत आहोत.' कोण रे वाट पाहतंय?"

"कुणी नाही, आई. मशीन आहे ते. चूक झालीय. माझ्याच हातून झाली."

"तुझ्या हातून? ती कशी काय?"

त्याने सांगितले. अडखळत, मागे-पुढे करत. फाइल, चौदा ओळी, पाकिटाच्या आत गेलेली वेळ. त्याचे संपल्यावर आई म्हणाली,

"बारा नंबर. उजवीकडची. सकाळच्या गाडीला त्या बाजूनं ऊन येत नाही. म्हणायचे, बारा मिळाला तरच जाईन. आणि मेला रोज मिळायचा."

"तुला ठाऊक होतं?"

"मला नाही तर कुणाला ठाऊक असणार? जेवण झालं की टेबलाशी बसायचे फोन घेऊन. ते मोठ्यानं म्हणायचे, 'हा घे, धरला.' मी भांडी आवरत ऐकायची."

घुम्याने जिन्याच्या कठड्याला धरले. दोन वर्षे जपलेले वाक्य त्याने डोळे मिटून बोलून टाकले. "आई, त्यांनी मला विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी नको म्हणालो होतो."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"फोन स्पीकरवर होता, राजा. शेवटी शेवटी ऐकू कमी यायचं ना त्यांना. मी शेजारीच होते."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटले. तो आवाज जिन्यातून वर आला आणि विरला.

"मग दोन वर्षांत तू काही बोलली कशी नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास? बापावर गेलायस अगदी." ती हसल्यासारखे करू गेली, पण ते तिला जमले नाही. "आणि काय बोलू? तू एकदा नको म्हणालास. मी सात वेळा म्हणाले. रोज विचारायचे, 'जाऊ का गं?' आणि मी म्हणायची, पोरगं नको म्हणतंय ना, मग कशाला जायचं तोंड वर करून. मला राग आला होता तुझा. ह्यांना नव्हता आला. शेवटच्या दिवशी किती वेळ बसले होते तसेच फोन धरून. म्हणाले, 'खोलीत शिरतच नाही. दारातून बघतो आणि परततो.' मी म्हटलं, दारातून परतायला सात तास गाडीत कोण बसतं? मग ठेवला फोन खाली."

दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटे, घुम्याच्या मनात आले. ते वाक्य आईने कधी उच्चारले त्याची मिनिटासकट नोंद आपण आज प्लॅटफॉर्मला धाडली आहे. हे मात्र तो तिला कधीच सांगणार नव्हता.

"ती जागा खरंच रिकामी आहे का?" आईने विचारले.

"आई, अगं तो संदेश चुकून..."

"चूक असू दे. जागा रिकामी आहे की नाही, तेवढं बघ."

त्याने फोनवरच उद्याची सातची गाडी उघडली. नकाशावर बहुतेक चौकोन भरलेले होते. उजवीकडे, खिडकीशी, बारा नंबरचा चौकोन पांढरा होता.

"आहे."

"मग काढ."

"तुझ्या नावानं?"

"ह्यांच्या. धरून ठेवलीय त्यांनी, मी कोण बदलणारी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास घुम्या बसथांब्यावर उभा होता. गाडी पंचवीस मिनिटे उशिरा आली. माणसे उतरू लागली. सामान, बाटल्या, आंबलेली अंगे. सर्वांत शेवटी आई उतरली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात बाबांचा फोन, घट्ट धरलेला. दोन वर्षांत ती लहान झाली होती. की इतके दिवस आपण तिच्याकडे पाहिलेच नव्हते?

"उतरा आजी, सावकाश," गाडीचा वाहक म्हणाला.

"चांगला आहे तो मुलगा," चालता चालता आई सांगू लागली. "तिकीट बघून म्हणाला, नाव तर पुरुषाचं दिसतंय. मी म्हटलं, नवऱ्याचं आहे. म्हणाला, मग ते कुठायत? मी म्हटलं, पुढे गेलेत. बरं म्हणाला आणि मशीन टेकवलं फोनला. टुंग करून वाजलं."

घुम्याला तो टुंग कुठवर गेला असेल ते ठाऊक होते. ग्राहक ४१७०६ गाडीत चढला. आणि आत्ता: ग्राहक ४१७०६ उतरला. दोन्ही पाकिटांवर वेळ अगदी बरोबर असणार होती.

त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. कुलूप काढून त्याने दार उघडले. आई आत आली नाही. उंबऱ्याबाहेर थांबून ती पाहत राहिली: भिंतीशी खाट, खिडकीखाली टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात शेगडी, आणि मध्ये बरीचशी मोकळी जमीन. ती इतका वेळ उभी राहिली की घुम्याला वाटले, आता ही इथूनच परतणार.

"एवढी काही लहान नाही रे खोली," ती म्हणाली.

"नाही. नव्हतीच," तो म्हणाला. मग सांगायचे राहिलेले तेही त्याने सांगितले. निकालाचे, न लावलेल्या दिव्याचे, चेहरा दाखवायच्या लाजेचे. सारी मिळून पाचसात वाक्ये होती. ती बोलायला त्याला दोन वर्षे लागली होती.

आईने आत येऊन पिशवी टेबलावर ठेवली. "त्यांनी दिवा लावला असता आणि खितपत पडायला काय झालं म्हणून विचारलं असतं. बाकी काही बोलले नसते. त्यांना तरी कुठे बोलता यायचं?"

एवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. तिने तो लांब धरून वाचला, मग त्याच्यापुढे केला. "'आपला प्रवास पूर्ण झाला. कसा झाला ते आम्हाला कळवा.' काय कळवू?"

"काही कळवलं नाही तरी चालतं. पुष्कळ लोक कळवत नाहीत."

"कुणी विचारलं तर उत्तर द्यावं माणसानं," ती म्हणाली. "तू लिही. मला ती बारकी अक्षरं दाबता येत नाहीत."

"काय लिहू?"

आई खाटेच्या कडेवर बसली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत तिने थोडा विचार केला.

"लिही, पोचलो. उशीर झाला."

त्याने लिहिले. पोचलो. उशीर झाला. आणि पाठवले. सोमवारी मॅडमच्या केबिनपाशी जाऊन, मागे कोणीही उभे असले तरी, ते चार शब्द बोलायचे होते. आणि मग ४१७०६चे पान पुसायचे होते. पण सोमवारला अजून अवकाश होता. त्याने शेगडी पेटवून चहाचे पाणी ठेवले. तीन कप काढले गेले. एक त्याने परत फळीवर ठेवला. आईने ते पाहिले.

चहा होईतो फोनवर लाल खूण चमकू लागली. घुम्याने टेबलावरची वायर उचलून तिच्यापुढे धरली.

आईने मान हलवली. "नको," ती म्हणाली, "राहू दे आता," आणि फोन पालथा घालून आपल्या मांडीवर ठेवला.